दोन साधारणीकरणे : पैसा, सहृदय आणि मराठी साहित्यकृती

१

पैशाने माणूस निबर केला आहे, त्याची संवेदना बोथट झाली आहे आणि ती पुन्हा जागी करणे हे कलेचे आजचे कार्य आहे, अशी भूमिका आपल्या समीक्षेत, अध्यक्षीय भाषणांत आणि परिसंवादांत वारंवार मांडली जाते. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांमुळे बाजारपेठेचा संचार जीवनाच्या सर्व क्षेत्रांत होऊ लागल्यापासून या भूमिकेला जवळजवळ सर्वमान्यता लाभली आहे. तिच्यातील नैतिक कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि तिच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते तपासून घेणे आवश्यक आहे. पैशाच्या समाजात सहानुभूतीचा दुष्काळ असतो, हे ते गृहीत होय.

वस्तुस्थिती पाहिली तर दुष्काळाऐवजी सुकाळच आढळतो. वृत्तपत्रातील कोरड्या विहिरीचे छायाचित्र, मालिकेतील अश्रू, मदतनिधीची जाहिरात, गायनाच्या स्पर्धेत स्पर्धकाच्या गाण्याआधी दाखविली जाणारी त्याच्या घरच्या हलाखीची चित्रफीत, या सर्वांतून कणव तयार स्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचत असते. ती घेणाऱ्याला हेलावून गेल्याचे समाधान मिळते आणि त्याच्या दिनक्रमात काहीही बदलत नाही. दुःख पाहून हळवे होण्याची क्षमता बाजारपेठेने नष्ट केलेली नाही. तिला तिने मालाचे रूप दिले आहे.

याचे आश्चर्य वाटू नये. 'वेल्थ ऑफ नेशन्स' (१७७६) हा अर्थशास्त्राचा पायाभूत ग्रंथ लिहिणाऱ्या अॅडम स्मिथने त्याच्या सतरा वर्षे आधी 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' (१७५९) लिहिला होता आणि त्याचा आरंभच सहानुभूतीच्या विवेचनाने होतो. दुसऱ्याला काय वाटते याचा प्रत्यक्ष अनुभव आपल्याला नसतो. आपण कल्पनेने त्याच्या जागी जातो, हे त्यातील प्रतिपादन आहे. कल्पनेने दुसऱ्याच्या जागी जाणे ही कवीची शक्ती आहे, तशीच ती गिऱ्हाईक ओळखणाऱ्या व्यापाऱ्याचीही आहे. म्हणून कलेच्या संदर्भात विचारावयाचा प्रश्न सहानुभूती आहे की नाही, एवढाच असू शकत नाही. ती कोणत्या प्रकारची आहे आणि तिचा खर्च कोणाच्या खाती पडतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. प्रस्तुत लेखात तीन मराठी साहित्यकृतींच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

२

या विचारासाठी आपल्या साहित्यशास्त्रात एक समर्थ संकल्पना उपलब्ध आहे. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने आपल्या रसविचारात सामावून घेतलेली साधारणीकरणाची कल्पना ती हीच. रंगभूमीवरील शोक हा 'माझा' नसतो, 'शत्रूचा' नसतो आणि ज्याच्याशी मला कर्तव्य नाही अशा 'तटस्थाचा'ही नसतो. त्याची विशिष्ट मालकी गळून पडते आणि म्हणूनच तो प्रत्येक सहृदयाच्या प्रतीतीचा विषय होऊ शकतो. या प्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. त्यांतील 'निजसुखादिविवशीभाव' हे विघ्न आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेल्या प्रेक्षकाला नाट्यातील भावाशी एकरूप होता येत नाही. यावर गीतवाद्ये, सुशोभित मंडप इत्यादी उपाय सुचविलेले आहेत. प्रेक्षक आपला प्रपंच काही काळ विसरू शकतो आणि तो विसरला की सहृदय होतो, असा विश्वास या उपायांमागे आहे.

आता पैशाकडे पाहू. गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९०० साली पैशाच्या तत्त्वज्ञानावर लिहिलेल्या ग्रंथात एक निरीक्षण विस्ताराने मांडले आहे. पैसा वस्तूंमधील गुणभेद संख्याभेदात रूपांतरित करतो. कोणतीही वस्तू 'कशी' आहे यापेक्षा ती 'केवढ्याची' आहे हा प्रश्न प्रधान होतो. दुसऱ्या शब्दांत, पैसाही साधारणीकरण करतो. तोही वस्तूवरील विशिष्ट मालकीची खूण पुसतो, तिला देशकालाच्या बंधनांतून सोडवितो आणि कोणाच्याही हाती जाण्यास मोकळी करतो.

या दोन साधारणीकरणांमधील साम्य फसवे आहे आणि आजच्या कलाव्यवहारातील बराचसा गोंधळ त्यातून निर्माण झाला आहे. रसप्रक्रियेत भाव कोणा एकाचा राहत नाही, म्हणून तो सर्वांचा होतो. विनिमयात वस्तू कोणा एकाची राहत नाही, म्हणून ती दाम मोजणाऱ्याची होते. पहिल्यात आस्वादक आपले काही सोडतो. दुसऱ्यात ग्राहक आपले काहीही न सोडता, केवळ रक्कम देऊन, दुसऱ्याचे घेतो. कनिष्ठ दर्जाची करुण कलाकृती दुसऱ्या प्रकारचे साधारणीकरण पहिल्याच्या नावावर खपविते. तिच्यातील भिकारी, वेश्या, शेतकरी वा विधवा हे कोणत्याही गावचे असू शकतात. कारण त्यांचा उपयोग अश्रूंच्या उत्पादनापुरताच असतो.

न. चिं. केळकरांच्या 'सविकल्प समाधी'ची येथे आठवण होते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण आपणच असल्याचे भान त्याला पूर्णतः सोडीत नाही, असे केळकरांनी म्हटले होते. त्यांनी हा विकल्प आनंदाच्या मीमांसेसाठी योजला. त्याला नैतिक अर्थही देता येईल. आपण आपणच आहोत याचे भान म्हणजे आपण कोठे बसून वाचत आहोत, कोणाच्या श्रमावर आपला हा निवांतपणा उभा आहे, याचेही भान. पैशाच्या समाजातील श्रेष्ठ साहित्यकृती हा विकल्प पुसत नाही, उलट तीव्र करते, असे माझे प्रतिपादन आहे. विनिमयात न मावणारा एक विशेष ती शिल्लक ठेवते आणि त्या शिलकीपाशी वाचकाला अडविते.

३

मात्र या विवेचनातून पैसा म्हणजे केवळ ऱ्हासाचे कारण, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पैशापूर्वीचा गाव हा आपुलकीचा होता, ही समजूत ज्यांना त्या गावाने आपुलकी दिली त्यांच्या स्मरणातून आलेली आहे. महारकीच्या वतनात राबणाऱ्या माणसाला बांधीव वेतन नव्हते. बलुते आणि वतनाचा जमिनीचा तुकडा यांच्या मोबदल्यात त्याचे आयुष्य गावाच्या दिमतीला वाहिलेले होते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) हा चलनविषयक ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, या दोन घटना एकत्र वाचावयास हव्यात. रोख मजुरी ही त्या काळी मुक्तीची एक वाट होती. मुंबईच्या गिरण्यांकडे निघालेल्या हजारो अस्पृश्यांसाठी पगाराचा दिवस हा जोहार न घालता मिळणाऱ्या अन्नाचा दिवस होता.

तरीही पैसा जात विचारत नाही, हे विधान अर्धसत्यच राहिले. गिरणीतील विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना तेथे विटाळ आडवा येई. म्हणजे जेथे पगार अधिक, तेथेच रुपयाचे साधारणीकरण अडखळले. मराठीतील ज्या साहित्यकृतींचा विचार येथे करावयाचा आहे, त्यांना ही दुहेरी वस्तुस्थिती ठाऊक आहे. गेलेल्या गावासाठी त्या गळा काढीत नाहीत आणि बाजारालाही निर्दोष मानीत नाहीत.

४

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा या दृष्टीने असामान्य आहे. गावाकडून पोटासाठी मुंबईत आलेला धिप्पाड भीमा दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. बेकारीच्या विवंचनेत असताना त्याला स्मशानातील राखेत सोने सापडते आणि मग प्रेतांच्या राखेतून, पुढे पुरलेल्या प्रेतांतूनही सोने शोधणे हाच त्याचा व्यवसाय होतो. अखेर एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून हस्तगत केलेल्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती गमवावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या कथेत दयेची मागणी करण्याच्या सर्व सोयी उपलब्ध होत्या : बेकारी, बायको, लहान मुलगी, परका प्रदेश. लेखकाने त्यांतील एकही सोय भावविवशतेसाठी वापरलेली नाही. भीमा दीनवाणा नाही. त्याच्या अंगात पहाड फोडण्याचे बळ आहे आणि भुताखेतांच्या भयाला न जुमानण्याइतका तर्क आहे. वाचकाची पहिली प्रतिक्रिया किळसेची असते. ही किळस लेखक टाळीत नाही. तिच्यातूनच तो वाचकाला पुढे नेतो. प्रेताच्या मुखात ठेवलेले सोने हे आप्तांच्या दृष्टीने विनिमयाबाहेर गेलेले असते. बाजारात त्याला भाव असूनही त्यांनी तो मनातून काढून टाकलेला असतो. ज्याच्याजवळ विकण्यासारखे केवळ श्रम आहेत आणि ज्याच्या श्रमांना गिऱ्हाईक नाही, असा माणूस ते सोने पुन्हा बाजारात आणतो. भीमा राख चाळतो तेव्हा श्रीमंत मृत आणि गरीब मृत यांतील फरकही त्याला कळू लागतो. मरणाने सर्वांना समान करावे ही आपली श्रद्धा तेथे मोडते.

कथेच्या शेवटातील योगायोगावर आक्षेप घेता येईल. ज्या दिवशी बोटे जातात, नेमक्या त्याच दिवशी खाण उघडावी, हे कृत्रिम नव्हे काय? मला तसे वाटत नाही. खाण बंद पडण्याचा भीमाच्या कर्तृत्वाशी काही संबंध नव्हता, तसा तो उघडण्याशीही नव्हता. श्रमाच्या बाजारातील चढउतार मजुराच्या जागेवरून पाहिले असता नेहमी योगायोगासारखेच दिसतात. लेखकाने कारणांची साखळी मुद्दाम अनुल्लेखित ठेवली आहे, कारण भीमाला ती कधीच दिसणार नाही. कथा जी शिल्लक वाचकापुढे ठेवते ती बोटांची. सोन्याचा भाव सांगता येतो, खाणीतील रोजही सांगता येतो. पण पहाड फोडणारी ती बोटे एकाच हाताची असतात आणि परत येत नाहीत. वाचकाला भीमाशी एकरूप होता येते ते येथे, आणि येथेच त्याला हेही जाणवते की भीमाच्या हाताने फोडलेला दगड आपल्या घराच्या पायात असू शकेल.

५

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले, तेव्हा पांढरपेशा वाचकवर्गाने त्याचे जे स्वागत केले त्यात प्रामाणिक हादरा होता, तसेच कुतूहलाचे समाधानही होते. पुढील दशकात 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) अशी आत्मकथने आली आणि त्यांच्याभोवती प्रकाशक, पुरस्कार, अभ्यासक्रम व अनुवाद यांची एक व्यवस्था उभी राहिली. ही व्यवस्था आवश्यक होती; तिच्यावाचून ही पुस्तके पोहोचलीच नसती. परंतु तिच्यामुळे एक धोकाही निर्माण झाला. दुःख हेच मूल्य ठरले की जास्त दुःख म्हणजे जास्त मूल्य, असा हिशेब वाचक आणि समीक्षक नकळत करू लागतात आणि लेखकाकडून त्याच मालाची मागणी होऊ लागते.

'बलुतं'ची रचना या धोक्याविषयी विलक्षण सावध आहे. हे निवेदन सरळ वाचकाला उद्देशून केलेले नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आहे ती दया पवार नावाच्या, शिकून नोकरीला लागलेल्या, लेखक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला. एकाच व्यक्तीचे हे दोन भाग समोरासमोर बसविले आहेत. या रचनेकडे केवळ निवेदनतंत्र म्हणून पाहणे पुरेसे नाही. दगडूचे दुःख ऐकण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी ज्याची, तो माणूस पुस्तकाच्या आतच आहे. वाचक हा आगंतुक आहे. तो दोघांचे बोलणे ऐकतो. सहानुभूती देऊ करण्यासाठी त्याने हात पुढे केला, तर तो घेण्यास तेथे कोणी मोकळे नाही.

शिवाय ऐकणारा दया पवार हा पैशाच्या समाजात थोडीबहुत जागा मिळविलेला माणूस आहे. दगडूच्या आठवणी त्याला सुखाने झोपू देत नाहीत, कारण त्याच्या नव्या जागेची किंमत त्या आठवणींत दडलेली आहे. 'बलुतं' या शीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो. बलुते हे सेवेच्या बदल्यात धान्यरूपाने मिळणारे, जन्माने ठरलेले देणे. पदरी आलेले दुःख हेही तसेच वाट्याला आलेले बलुते. पैसा हाती आल्यावर धान्याचे बलुते सुटते; दुःखाचे सुटत नाही. ते कोणत्याही चलनात बदलता येत नाही, ही या आत्मकथनाची शिल्लक होय. केवळ करुणेच्या निकषावर 'बलुतं'चे मूल्यमापन करणाऱ्या समीक्षेने ही रचना पुरेशी गंभीरपणे घेतली नाही, असे म्हणावे लागते.

६

विजय तेंडुलकरांचे 'कमला' (१९८१) हे नाटक सहानुभूतीच्या व्यापाराला थेट विषय करते. स्त्रियांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी एका पत्रकाराने एक स्त्री विकत घेतल्याचे वृत्त त्याच वर्षी गाजले होते आणि नाटकाला त्याचा आधार आहे. नाटकातील जयसिंग जाधव हा दिल्लीतील नामवंत पत्रकार अडीचशे रुपयांना कमलाला विकत घेतो, पत्रकार परिषदेत तिला उभी करतो आणि काम झाल्यावर तिची आश्रमात रवानगी करतो. अन्यायाविषयीची त्याची चीड खोटी नाही. मात्र त्या चिडेचे चलन बढती आणि प्रसिद्धी हे आहे, हे त्याला स्वतःलाही दिसत नाही.

नाटकातील दोन स्थळे आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहेत. पत्रकार परिषद रंगमंचावर घडत नाही. तिचे वृत्त जयसिंग आणि त्याचा मित्र जैन हसत-खिदळत घरी येऊन सांगतात. तेथे कमलाला विचारल्या गेलेल्या ओंगळ प्रश्नांचा विनोद होतो. नाटककाराने कमलाचे प्रदर्शन प्रेक्षकाला नाकारले आहे. प्रेक्षकाच्या वाट्याला येते ते प्रदर्शन पाहून आलेल्यांचे हसू, आणि ते ऐकताना आपणही तिकीट काढूनच येथे बसलो आहोत, हे त्याला विसरता येत नाही. दुसरे स्थळ म्हणजे जयसिंगच्या पत्नीला, सरिताला, कमलाने विचारलेला प्रश्न : मालकांनी तुम्हाला केवढ्याला घेतले? सरिता तिच्याच भाषेत एक आकडा सांगते, सातशे. कमलाला त्यात काही विपरीत वाटत नाही. उलट दोघींनी घरातली कामे कशी वाटून घ्यावीत याचा ती सरळ हिशेब मांडते. ज्या प्रश्नात अपमान नाही, कारस्थान नाही, केवळ व्यवहाराची माहिती आहे, त्याच प्रश्नाने सरिताचे आयुष्य उघडे पडते. येथे सहानुभूतीची दिशा उलटते. सुस्थितीतील बाई गुलाम बाईची कीव करावयास बसली होती. गुलाम बाईनेच तिला आपल्यासारखी म्हणून ओळखले.

तथापि या नाटकाच्या मर्यादेविषयी मौन पाळता येणार नाही. कमलाच्या प्रश्नाने सरिता जागी होते आणि यापुढे नाटक सरिताचे होते. कमला आश्रमात जाते व नाट्यवस्तूतून निघून जाते. तिच्या पुढच्या आयुष्यात नाटकाला रस उरत नाही. मध्यमवर्गीय स्त्रीच्या आत्मभानासाठी एक आदिवासी स्त्री आरशासारखी वापरली गेली आणि मग दूर ठेवली गेली, असा आरोप कोणी केला तर त्याचे पूर्ण निराकरण करता येणार नाही. जयसिंगने कमलाचा जो उपयोग केला, त्याहून अधिक सूक्ष्म आणि अधिक सद्हेतूचा, पण उपयोगच नाटकानेही केला आहे. 'सरिता आणि कमला एकच' हे साधारणीकरण कमलाच्या खाती खर्च टाकून साधलेले आहे. 'बलुतं'मध्ये दगडूला आपली कहाणी सांगण्यासाठी आपलाच श्रोता होता; कमलाला तो नाही. तेंडुलकरांच्या मोठेपणाला यामुळे बाध येत नाही, पण सहृदयतेच्या मध्यमवर्गीय रूपाची सीमा कोठे आहे हे मात्र त्यांच्या या महत्त्वाच्या नाटकातूनच दिसते.

७

या तीन कृतींच्या विचारातून समीक्षेसाठी एक निकष हाती येतो. कलाकृतीने आपल्याला हेलावले की नाही, एवढे पाहून भागणार नाही. हेलावण्याच्या त्या क्षणी तिने आपल्याला कोठे उभे केले, हे पाहावयास हवे. ग्राहकाच्या जागी उभे केले असेल, तर कितीही अश्रू आले तरी ती सहृदयता नव्हे. आपल्या जागेचे भान देऊन, त्या जागेसकट दुसऱ्याच्या अनुभवाकडे वळविले असेल, तर तेथे एका कठीण अर्थाने साधारणीकरण घडले. निजसुखाचे विघ्न आता गीतवाद्यांनी दूर होणारे नाही. उलट गीतवाद्ये आणि सुशोभित मंडप हेच आज त्या विघ्नाचे साधन झाले आहेत. ते विघ्न दूर करण्याऐवजी आस्वादाचा विषय करणे, हाच मार्ग या लेखकांनी आपापल्या परीने शोधलेला दिसतो.

हा निकष आपल्या वर्गखोल्यांनाही लागू करावा लागेल. दलित आत्मकथने आणि 'कमला'सारखी नाटके विद्यापीठीय अभ्यासक्रमात आली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तेथे त्यांच्यावर विचारला जाणारा प्रश्न बहुधा 'अमुक कृतीतील व्यथा-वेदनांचे स्वरूप स्पष्ट करा' या साच्याचा असतो आणि त्याला दहा किंवा पंधरा गुण असतात. विद्यार्थी वेदनांचे चार-पाच मुद्दे पाडतो, आपण त्यांना गुण देतो, आणि एका माणसाच्या जगण्याचे रूपांतर पुन्हा एकदा संख्येत होते. परीक्षा टाळता येत नाही. प्रश्न बदलता येतो. वेदना कोण कोणाला सांगत आहे, ती ऐकण्यासाठी आपल्याला कोठे बसविले आहे, आणि कृती संपल्यावर त्या माणसाचे काय झाले, असे विचारता येईल. या प्रश्नांची उत्तरे देताना विद्यार्थ्याला मजकुराचा काटेकोर अभ्यास करावाच लागेल आणि स्वतःला त्यातून वगळता येणार नाही. रचनेचा अभ्यास आणि सहृदयतेचा संस्कार हे दोन वेगळे विषय आहेत, अशी जी समजूत आपल्या अध्यापनात रूढ आहे, ती निदान या ठिकाणी तरी सोडावी लागेल.